घरपट्टी वाढवली तर पाणी रोज येईल का? कर, पायाभूत सुविधा आणि सोलापूरची वाढ

प्रश्न : यंत्रमागधारक, पूर्व भाग

सर्वांना नमस्कार. पूर्व भागात आमचा टेरी टॉवेल विणण्याचा लहान कारखाना आहे. अर्थसंकल्पाचे दिवस आले की वर्तमानपत्रांत एक विधान हमखास वाचायला मिळते. आपल्यासारख्या विकसनशील देशात राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने कर कमी गोळा होतो, त्यामुळे रस्ते, पाणी आणि मलनिस्सारण यांवर पुरेसा खर्च होत नाही आणि म्हणून आर्थिक वाढ खुंटते, असे ते विधान असते. ते चुकीचे आहे असे मी म्हणत नाही, परंतु कारखान्याचा जमाखर्च समोर घेऊन बसलो की ते अपुरे वाटते.

आम्ही घरपट्टी आणि पाणीपट्टी भरतो, कारखान्याचा व्यवसाय कर भरतो, सुतावर व मालावर जीएसटी भरतो, डिझेलमधून केंद्र आणि राज्य दोघांनाही कर देतो. इतके देऊनही वर्षानुवर्षे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड आले, म्हणून टँकर घ्यावा लागतो, बोअर मारावी लागते, पाणी साठवण्यासाठी टाक्या बांधाव्या लागतात. सूत रंगवणे आणि टॉवेल धुणे ही कामे पाण्याशिवाय होत नाहीत, त्यामुळे हा सगळा खर्च शेवटी मालाच्या किमतीत जातो आणि बाहेरच्या बाजारात आमचा माल तेवढा महाग पडतो.

माझे प्रश्न असे आहेत. आधी कर वाढवावा आणि मग सुविधा मिळतील अशी वाट पाहावी, की आधी सुविधा द्याव्यात आणि मग कर मागावा? जकात बंद झाली तेव्हा आम्हा व्यापारी-कारखानदारांना हायसे वाटले होते, मग त्यानंतर महापालिकेकडे पैसा नाही असे सतत का ऐकू येते? आणि आम्ही भरलेल्या जीएसटीतील किती भाग या शहराला परत मिळतो? भ्रष्टाचाराविषयी आपण सर्वच जण पुष्कळ बोलतो, ते येथे पुन्हा नको. ही व्यवस्था मुळात कशी चालते, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त लेखाधिकारी

नमस्कार. मी अनेक वर्षे नागरी संस्थांच्या लेखा विभागांत काम केले आहे. आपल्या प्रश्नातील जकातीचा भाग आधी घेतो, कारण सोलापूरसारख्या शहरांच्या आर्थिक घडणीत सर्वांत मोठे वळण तेथे आले आणि त्या मानाने त्याची चर्चा फारच थोडी झाली.

जकात हा उत्पादक शहरासाठी वाईट कर होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. शहराच्या हद्दीत वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर तो बसत असे. म्हणजे बाहेरून येणारे सूत, रंग, यंत्रांचे सुटे भाग यांवर वस्तू तयार होण्याआधीच कर भरावा लागे. नाक्यांवर गाड्यांच्या रांगा लागत आणि चुकवेगिरीला वाव मिळे, ते वेगळेच. तरीही त्या करात दोन गुण होते. पैसा रोजच्या रोज थेट महापालिकेच्या तिजोरीत जमा होत असे, आणि शहरातील व्यापार वाढला की तो आपोआप वाढत असे. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर 1 ऑगस्ट 2015 पासून, 50 कोटींहून अधिक उलाढाल असणारे वगळता, तोही रद्द झाला. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यावर उरलेला भागही संपला.

त्याबदल्यात राज्याने 2017 मध्येच कायदा करून महापालिकांना नुकसानभरपाई देण्याचे ठरवले. 2016-17 हे वर्ष आधारभूत धरले आणि त्यावर दरसाल चक्रवाढीने 8 टक्के वाढ ठरवून दिली. आकडेमोड केली तर मूळचे 100 रुपये 2025-26 मध्ये जवळजवळ 200 रुपये होतात. ही व्यवस्था वाईट नाही, कारण मंदीच्या वर्षातही रक्कम ठरलेलीच राहते. पण तिचा दुसरा परिणाम नीट लक्षात घ्यायला हवा. चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतींत उद्या दुप्पट कारखाने उभे राहिले तरी हे अनुदान 8 टक्क्यांनीच वाढेल, आणि निम्मे बंद पडले तरीही तेवढेच वाढेल. शहराची भरभराट आणि शहराच्या तिजोरीतील भर यांना जोडणारा धागा येथे तुटला आहे.

आता आपल्या जीएसटीविषयी. हा कर माल जेथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो, जेथे तयार होतो त्या राज्याला नाही. आपला टॉवेल चेन्नईत विकला गेला तर त्यावरील एकात्मिक जीएसटीतील राज्याचा वाटा तमिळनाडूला जातो. निर्यात झाला तर दर शून्य असतो आणि आधी भरलेला कर परताव्याने परत मिळतो. करशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. परंतु बाहेरच्या बाजारासाठी चादरी आणि टॉवेल तयार करणाऱ्या गावाला आपल्या उत्पादनातून थेट काहीच मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे. व्यवसाय कराचेही तसेच आहे. तमिळनाडू आणि केरळमध्ये तो स्थानिक संस्था गोळा करतात, आपल्याकडे तो राज्य शासनाकडे जातो आणि राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपये ठेवलेली आहे.

म्हणजे शहर वाढले की वाढेल आणि शहरातच राहील असा महत्त्वाचा कर एकच उरतो, तो मालमत्ता कर. ज्याला आपण घरपट्टी म्हणतो, त्या बिलात सर्वसाधारण कराबरोबर इतर अनेक कर असतात. त्यांतील शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींवरील रोजगार हमी कर महापालिका केवळ गोळा करून राज्याकडे भरते. त्यामुळे बिलावरील एकूण रक्कम पाहून सगळा पैसा महापालिकेला मिळाला असे समजू नये.

थकबाकीविषयी एक निरीक्षण नोंदवतो. कायद्याप्रमाणे थकीत करावर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. थकबाकी इतकी फुगते की मूळ करापेक्षा शास्तीच मोठी दिसू लागते, मग अभय योजना येते आणि शास्तीत मोठी सूट मिळते. वेळेवर भरणाऱ्या माणसाला यातून कोणता धडा मिळतो, हे वेगळे सांगायला नको. माझ्या मते नागरी वित्तव्यवस्थेचे जेवढे नुकसान कमी दरांमुळे झाले असेल, त्याहून अधिक या सवयीमुळे झाले आहे.

अनुदाने येत नाहीत असे नाही. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या 20 शहरांत सोलापूरची निवड झाली होती. पंधराव्या वित्त आयोगाचाही निधी होता. मात्र 2011 च्या जनगणनेत आपली लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख असल्याने आपण दहा लाखांखालील शहरांच्या गटात पडलो आणि त्या गटात 60 टक्के अनुदान पाणीपुरवठा आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेले होते. अनुदानातून नळयोजना उभी राहते. परंतु तिच्या पंपांचे वीजबिल, व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन, गळती काढण्याचा खर्च आणि शुद्धीकरणाची रसायने यांचा भार दर महिन्याला येतो, आणि तो महापालिकेला मुख्यतः स्वतःच्याच उत्पन्नातून उचलावा लागतो. उजनी धरणापासून शंभर किलोमीटरहून लांब अंतरावर पाणी आणणाऱ्या शहरासाठी हा खर्च किरकोळ नाही.

उत्तर : अर्थशास्त्राची प्राध्यापिका

साहेबांनी व्यवस्थेचे चित्र स्पष्ट मांडले आहे. मी “सुविधांमुळे वाढ होते का” आणि “आधी काय” या दोन प्रश्नांपुरते लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शहराच्या इतिहासात आहे. 1860 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे सोलापुरात पोहोचली आणि 1877 मध्ये येथील पहिली कापडगिरणी, आपली जुनी मिल, सुरू झाली. आसपासच्या मुलखातील कापूस आणि मुंबईचा बाजार या दोन्ही गोष्टी आधीही होत्या, परंतु त्यांना जोडणारा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग नव्हता. आता त्या रेल्वेचा पैसा कोठून आला ते पाहा. भांडवल बहुतांशी इंग्लंडमधील भागधारकांचे होते, पण त्यावर 5 टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती आणि कंपनीची कमाई कमी पडली की ती तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे प्रामुख्याने येथील शेतकऱ्याने भरलेल्या शेतसाऱ्यातून, भरून दिली जात असे. ज्याने कर भरला त्याला तो कोठे आणि कसा खर्च व्हावा हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. सुविधेने वाढ झाली, पण करदात्याचा आवाज त्यात नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि आजच्या चर्चेतही दोन्ही ध्यानात ठेवायला हव्यात.

आजचे उदाहरण पाण्याचेच घेऊ. भीमा नदीतून औजच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी आणायचे तर उजनीतून शहराच्या गरजेच्या कितीतरी पट अधिक पाणी सोडावे लागते. वाटेत ते जिरते, बाष्प होऊन जाते आणि काही ठिकाणी उपसलेही जाते. बंद जलवाहिनीतून तेवढेच पाणी आणले तर वाचलेले पाणी धरणात राहते आणि शेतीला उपयोगी पडते. म्हणून दररोज 170 दशलक्ष लिटर क्षमतेच्या, उजनीहून येणाऱ्या जुन्या वाहिनीला समांतर अशा जलवाहिनीचा लाभ केवळ शहरापुरता मोजणे मला अपुरे वाटते. भीमेच्या खोऱ्यातील शेतकरीही तिचा लाभार्थी आहे. अशा प्रकल्पाचा खर्च एकट्या शहराच्या घरपट्टीतून काढणे अन्यायाचे ठरेल, आणि त्यासाठी केंद्र व राज्याचा पैसा येणे हेच योग्य आहे. याउलट, टाकीपासून तुमच्या नळापर्यंतच्या वाहिनीचा लाभ फक्त तुमच्या भागाला मिळतो, तेव्हा तिची देखभाल शहराने स्वतःच्या करातून करावी हे न्याय्य आहे. कोणत्या सुविधेसाठी कोणता कर, याचा निकष लाभ कोठवर पसरतो हा असावा, असे मला वाटते.

पाणी रोज येण्यासाठी नुसते जास्त पाणी पुरत नाही, हेही येथेच सांगते. खंडित पुरवठ्यात वाहिन्या रिकाम्या राहतात, त्यांत बाहेरचे दूषित पाणी ओढले जाते. दर वेळी दाब चढल्या-उतरल्याने सांधे निखळतात आणि गळती वाढते. पुन्हा पाणी कधी येईल या काळजीने घरोघरी साठा होतो आणि नवे पाणी आले की जुने ओतून दिले जाते. विभागवार टाक्या, दाबाचे नियोजन, गळती शोधणे आणि मीटर या चार कामांशिवाय उजनीतून कितीही पाणी आणले तरी दिवसांआडचा पुरवठा सुटणार नाही. ही कामे उद्घाटनाची नसतात, म्हणून त्यांना पैसा मिळत नाही.

आता विकसनशील देशांविषयी. भारतात केंद्र आणि राज्य मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण 17 ते 18 टक्के कर गोळा होतो, विकसित देशांच्या संघटनेतील सरासरी सुमारे 34 टक्के आहे. परंतु मला अधिक बोचणारा आकडा दुसरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नागरी वित्तविषयक अहवालानुसार भारतातील सर्व नागरी संस्थांचा एकत्रित महसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 1 टक्क्याभोवती अडकून पडला आहे, तर ब्राझीलमध्ये तो 7.4 टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत 6 टक्के आहे. हे दोन्ही देश आपल्यासारखेच विकसनशील आहेत आणि तेथेही असंघटित रोजगार, झोपडपट्ट्या आणि विषमता आहे. म्हणजे “गरीब देशात कर कमीच येणार” एवढ्यावर थांबता येत नाही. आपण कराचा पैसा वर गोळा करतो आणि नागरिकाला रोज लागणारी सेवा मात्र सर्वांत खालच्या संस्थेकडे सोपवतो. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय नागरी संस्थांसाठी नेमून दिले, पण त्यांच्याबरोबर कराचे नवे स्रोत दिले नाहीत.

“आधी काय” याविषयी माझे मत स्पष्ट आहे. दर वाढवणे ही शेवटची पायरी असावी. आधी ज्या मिळकतींची नोंदच नाही किंवा जुन्या मोजमापावर कर बसतो त्यांची नोंद पूर्ण करावी. त्यातून मिळालेला पैसा एका विभागाची पाणीव्यवस्था सुधारण्यासाठी जाहीरपणे वापरावा. तेथे फरक दिसला की दरांविषयी बोलावे. करदाता सेवेचा अनुभव घेतल्यावर देतो, आश्वासनावर नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

महाराष्ट्रात याला एक मोठा पूर्वाधार आहे. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने 1975 मध्ये व्यवसाय कर लावला गेला आणि जमा झालेल्या रकमेइतकाच वाटा राज्याने घालायचा असे ठरले. शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुराच्या कामासाठी कर दिला आणि तो निमूटपणे दिला, कारण पैसा कशासाठी आहे हे त्याला ठाऊक होते.

उत्तर : हद्दवाढ भागातील रहिवासी

मॅडमचे म्हणणे वाचले. बहुतेक पटले, पण एका बाबतीत मला कळकळीने आक्षेप नोंदवायचा आहे.

1992 च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्रफळ एकदम कित्येक पटींनी वाढले आणि ते आज सुमारे 178 चौरस किलोमीटर आहे. आमच्यासारख्या वसाहती शहरात आल्या, घरपट्टीची बिले लगेच येऊ लागली आणि रस्ता, गटार, पथदिवे मात्र फार उशिरा आले. काही भागांत अजूनही ड्रेनेज नाही. पावसाळ्यात काळ्या मातीतून मुलांना शाळेत न्यावे लागते. “नोंद पूर्ण करा” असे आपण म्हणता, तेव्हा ती नोंद सर्वांत आधी आमच्यासारख्यांच्या गुंठेवारीतल्या दोन खोल्यांची होईल अशी भीती वाटते, कारण ती घरे सहज सापडतात. आमच्या शेजारी कितीतरी मोकळे प्लॉट वर्षानुवर्षे पडून आहेत. रस्ता झाला की त्यांची किंमत वाढते, मालक तो विकून मोकळा होतो, आणि त्या रस्त्याची किंमत आम्ही घरपट्टीतून देत राहतो.

दुसरे असे की या शहरात विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या हजारो बाया-माणसांची घरे आहेत. मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. आम्हाला तशी माफी का नाही? आणि 2022 नंतर बराच काळ महापालिकेत प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. त्या काळात दर वाढवायचे म्हटले असते तर आम्ही कोणाला विचारायचे होते?

उत्तर : अर्थशास्त्राची प्राध्यापिका

ताई, आपला मोकळ्या प्लॉटविषयीचा मुद्दा या चर्चेतील सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि त्यावर अधिक बोलले गेले पाहिजे. सार्वजनिक पैशाने रस्ता किंवा जलवाहिनी होते, तेव्हा जमिनीची वाढलेली किंमत ही मालकाची कमाई नसते, ती समाजाने निर्माण केलेली असते. मोकळ्या जमिनीवर कर, बांधकाम परवानगीच्या वेळी घेतले जाणारे विकास शुल्क आणि नगर रचना योजना (मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्त्यांसाठी भाग काढणे आणि उरलेले भूखंड त्यांना परत देणे) ही तीन साधने आपल्या कायद्यांत आजही आहेत. गुजरातमध्ये नगर रचना योजनांतून रस्त्यांसाठी जमीन मिळवली गेली आणि सुविधांच्या खर्चाचा भारही वाढीव किमतीतून उचलला गेला. महाराष्ट्रात हा कायदा 1966 पासून आहे, पण हद्दवाढ झालेल्या शहरांनी तो नेटाने वापरला नाही. म्हणून नोंदणीची सुरुवात मोकळे प्लॉट, मोठ्या व्यापारी मिळकती आणि वापर बदललेल्या इमारती यांपासून व्हावी आणि दोन खोल्यांचे घर शेवटी यावे, असे मी म्हणेन.

500 चौरस फुटांच्या माफीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. मुंबई महापालिकेचा आर्थिक पाया आपल्यापेक्षा फार मोठा आहे. सोलापुरात लहान घरांचे प्रमाण इतके आहे की सरसकट माफी दिली तर भार उरलेल्या थोड्या मिळकतींवर पडेल आणि सेवा आणखी खालावेल. पाणी नसेल तर त्याची सर्वाधिक झळ विडी कामगार बाईलाच बसते, कारण नळाची वाट पाहण्यात तिचे विडी वळण्याचे तास जातात आणि तिची मजुरी नगावर असते. तिच्यासाठी नाममात्र कर आणि भरवशाचे पाणी हे माफ कर आणि चार दिवसांआडचे पाणी यापेक्षा हितकारक आहे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता : यंत्रमागधारक, पूर्व भाग

सर्वांचे आभार. जीएसटी आपल्या गावाला थेट मिळत नाही आणि भरपाईचे अनुदान आपल्या वाढीशी जोडलेले नाही, हे मला ठाऊक नव्हते. आमच्या यंत्रमागधारकांच्या बैठकीत हा विषय मांडायचा आहे. तेथे “कर वाढवू नका” एवढीच मागणी करण्यापेक्षा नेमके काय मागावे, आणि ते कधी मागावे?

उत्तर : निवृत्त लेखाधिकारी

वेळेचे उत्तर कायद्यातच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढील वर्षाचे कराचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. मार्चमध्ये निवेदन देऊन उपयोग नाही, आपली बैठक डिसेंबर-जानेवारीत व्हायला हवी.

मागणी करताना दराविषयी बोलण्याआधी प्रभागनिहाय “मागणी, वसुली आणि थकबाकी” असा तक्ता मागा, आणि त्यात निवासी, बिगरनिवासी व मोकळ्या जागा असे वेगळे रकाने असावेत असा आग्रह धरा. ही माहिती कर विभागाकडे असतेच, ती गुप्त नाही आणि माहिती अधिकारातही मिळते. दुसरी मागणी पाणीपुरवठ्याच्या स्वतंत्र हिशेबाची करा. पाणीपट्टीतून किती आले, वीजबिलावर किती गेले, गळती दुरुस्तीवर किती गेले आणि तूट कोठून भरली, हे एका पानावर प्रसिद्ध व्हावे. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी ज्या अटी घातल्या होत्या, त्यांत लेखे संकेतस्थळावर सार्वजनिक करण्याची अट होती, आणि मालमत्ता कराच्या वसुलीत राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढ दाखवण्याचीही होती. त्यामुळे आपली मागणी कोणालाही जगावेगळी म्हणता येणार नाही.

तिसरी मागणी थोडी अवघड आहे, पण कारखानदारांनी ती करावी असे मला वाटते. अभय योजना वारंवार जाहीर करू नये, असे लेखी द्या. आपल्या संघटनेतील काही सभासदांची थकबाकी असेल आणि त्यांना हे रुचणार नाही, तरीही द्या. त्या पत्रासोबत एक ठोस प्रस्ताव जोडा. पूर्व भागातील एखाद्या टाकीवरच्या विभागात मीटर बसवून, गळती काढून रोज पाणी द्यावे, आणि त्या विभागातील बिगरनिवासी मिळकती मीटरप्रमाणे पाणीपट्टी भरतील अशी हमी संघटनेने घ्यावी. टँकरवर आणि बोअरच्या विजेवर सभासद आज किती खर्च करतात, त्याचा आकडा बैठकीपूर्वी गोळा करून ठेवा. तो आकडा मीटरच्या संभाव्य बिलाशेजारी मांडला की बैठकीत निर्णय घेणे सोपे जाईल.